फावड्याचा दांडा आणि पाठीखालची गादी

“मणक्यातली गादी सरकली आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. एमआरआयची काळी फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं. “एल-फोर, एल-फाइव्ह. डिस्क प्रोलॅप्स.”

डिस्क म्हणजे दोन मणक्यांच्या मधली चकती. आत लगदा, बाहेर चिवट साल. साल फाटली की लगदा बाहेर येतो आणि शेजारून पायाकडं जाणारी नस दाबतो. मग दुखणं कमरेत थांबत नाही. ते मांडीतून पोटरीत आणि पोटरीतून अंगठ्यात उतरतं. त्याला सायटिका म्हणतात. नाव कसं, एखाद्या मुलीचं ठेवावं असं. प्रत्यक्षात कुणीतरी तुमच्या कमरेत तापलेली सळई घालतो, अंगठ्यातून बाहेर काढतो आणि नीट बसली का ते मधूनमधून हलवून बघतो.

“कशानं झालं?” बाईंनी विचारलं.

“मारलं. फावड्याच्या दांड्यानं. मारणाऱ्याचं नाव सांगू?”

मारहाणीची नोंद तालुक्याला आधीच झाली होती. बाईंना नाव नको होतं. त्यांनी विचारलं, “मार लागल्यापासून झोपता कुठं?”

मी गुन्हेगाराचं नाव घेऊन चंद्रपूरला आले होते आणि बाई मला बिछान्याचा पत्ता विचारत होत्या. मला इतका राग आला की टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणका उचलून भिंतीवर फेकावा वाटलं. फेकता आला नाही, कारण मार बसलेला उजवा हात वर जात नव्हता.

ज्यांची पाठ आज रात्री त्यांना झोपू देणार नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, गोड लिहिता येत नाही. जसं घडलं तसं वाचा.

आमचं गाव सावली तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. पलीकडचा काठ गडचिरोलीचा. आम्ही ढिवर, पिढ्यान् पिढ्या नदीतल्या आणि तलावातल्या मासोळीवर जगणारी माणसं. रेतीघाट सुरू झाला तेव्हा ठेकेदारानं कागदावर फावडी दाखवली आणि नदीत यंत्रं उतरवली. पात्रात विहिरीएवढे खड्डे पडले. उथळ पाणी गेलं, अंडी घालायच्या जागा गेल्या, मासोळी गेली. आम्ही अर्ज केले, पत्रकं वाटली. शेवटी एका सकाळी घाटाच्या वाटेवर आडवे बसलो. माझ्या बाबानं आपला सागवानी डोंगा, फळ्या ठोकून केलेली होडी, दोन बैल लावून ओढत आणला आणि ट्रॅक्टरच्या वाटेत आडवा टाकला.

ठेकेदाराची माणसं दांडे आणि सबली, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन आली. पहिल्यांदा डोंगा फोडला. सबलीचा घाव बसला की लाकूड ओरडतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाबा मध्ये पडला, त्याला गळ्याला धरून रेतीत लोळवलं. मी धावले. समोर देवाजी होता. देवाजी आमच्याच गावचा, वरच्या मोहल्ल्यातला, घाटावर फावडं मारणारा. त्याच्या लग्नात मी पंगतीला भात वाढला आहे.

पहिला फटका खांद्यावर आला. मी वळले, पाय रेतीत रुतला, अंग एकीकडं फिरलं आणि पाय तिथंच राहिले, त्याच क्षणी दुसरा कमरेवर आला. ओल्या धुण्यावर मोगरी आपटावी तसा आवाज झाला. दांडा मधोमध मोडला. अर्धा तुकडा माझ्याजवळ पडला, तो मी छातीशी धरला आणि सोडला नाही. पुरावा!

त्या तुकड्याला मी जेवढं जपलं तेवढं कमरेला जपलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. फुटका डोंगा घाटाच्या तोंडाशीच ठेवायला लावला. त्यावर फलक बांधला: हा डोंगा कोणी फोडला? येणारा-जाणारा वाचायचा. फोटो निघाले. मी खूश होते.

आणि झोपायचे खाली, शहाबादी फरशीवर, सतरंजी टाकून. “पाठ दुखते त कडक जागी झोपावं,” असं गावातलं एकूण एक माणूस सांगतं. म्हातारे सांगतात, दुकानदार सांगतो, ज्याची पाठ जन्मात दुखली नाही तो सगळ्यात जोरात सांगतो. मलाही ते पटायचं, कारण गादी म्हणजे ठेकेदाराच्या घरची वस्तू. कार्यकर्तीनं फरशीवर झोपावं, त्यात एक तोरा असतो. सकाळी उठताना मी भिंतीला धरून कुत्र्यासारखी गुरगुरायचे. तीन महिन्यांच्या वर दुखणं टिकलं की डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात, म्हणजे घरात ठाण मांडून बसलेलं. आमच्या घरी ते फरशीवर माझ्याशेजारीच झोपत होतं.

बाबाला बघवेना. माय गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याचं मोठं जाळं नदी बिघडल्यापासून खुंटीला लटकत होतं. त्यानं बाजेची जुनी सुंभाची वीण काढून टाकली आणि जाळ्याच्या नायलॉन दोरीनं बाज विणायला घेतली. ढिवराला सुचावी अशीच ती गोष्ट होती.

“जाळ्यात एवढा मोठा वाघूर मासा येते,” तो विणताना म्हणाला, “धडपडते, उड्या मारते. त्याचं एक हाड मोडते का? नाई मोडत. जाळं अंगाच्या हिशेबानं वाकते. तुले बी तसंच झेलते पाह्य.”

काय ती बाज! गाठ न गाठ सारखी. मी पडले आणि सगळं अंग झेललं गेलं. कुठंच काही टोचेना. मी बाबाला म्हटलं, “तू डॉक्टर व्हायला पाहिजे होता.”

सकाळी मी उठूच शकले नाही. नायलॉन ताणलं होतं, कंबर सगळ्यात खाली गेली होती, डोकं आणि पाय वर. मी कुशीवर वळायला गेले आणि स्पाझम आला. स्पाझम म्हणजे स्नायू आपण होऊन आवळतो आणि सोडायचं नाव घेत नाही. सुसरीनं कमरेला धरावं तसं. मी किंचाळले ते चार घरं सोडून ऐकू गेलं. बाबानं काखेत हात घालून ओढायचा प्रयत्न केला. मी त्याच्या मनगटाला चावले. रक्त आलं तरी सोडलं नाही. तो दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिला आणि म्हणत राहिला, “चाव माय, चाव.”

मग त्यानं कोयता घेतला, बाजेखाली शिरला आणि आपल्या हातानं विणलेली एकेक गाठ कापत गेला. शेजारच्या बायांनी खालून हात लावून मला उतरवलं. दाराचं फळकूट काढून त्यावर टाकलं आणि जीपनं चंद्रपूर. तिथं सुई दिल्यावर काठी टेकून चालण्याइतकी सुटले.

हे सगळं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ काढली.

“फरशीवर तुमचा खांदा आणि खुबा टेकतो. कंबर अधांतरी राहते. तिला स्नायू रात्रभर उचलून धरतात, म्हणून सकाळी ते मोडलेले असतात. जाळ्यात उलटं. सगळ्यात जड भाग सगळ्यात खाली जातो आणि कणा रात्रभर वाकलेला. गादीनं माणसाला टोचायचं नाही आणि गिळायचंही नाही.”

“म्हणजे हे देवाजीच्या दांड्यानं झालं नाही?”

“फटक्यानं स्नायू चेचले. डिस्क कदाचित पाय रुतून पिळा पडला तेव्हा गेली असेल. आधीपासून कुरतडलेलीही असेल. त्यानंतरच्या झोपण्यानं दुखणं वाढवलं. कुणाचा वाटा किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.”

मला ते अजिबात आवडलं नाही. माझ्या दुखण्याचा कण न कण त्याच्या नावावर हवा होता. बाई त्यातला वाटा काढून फरशीला देत होत्या, जाळ्याला देत होत्या, मलाच देत होत्या.

मग त्यांनी माझा उजवा अंगठा धरला आणि म्हणाल्या, वर ढकला. ढकलला तर हललाच नाही म्हणा ना. “जोर कमी आहे. पाऊल लटकायला लागलं, चालताना चप्पल निसटायला लागली, तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. पाऊल असं लटकण्याला फूट ड्रॉप म्हणतात. आणि लघवी अडली, किंवा नकळत झाली, किंवा बसायची जागा बधिर पडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच घटकेला यायचं.” हे शेवटचं वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

“बाई, मला उभं राहायचं आहे,” मी म्हटलं.

त्यांना वाटलं, आत्ता. मी समजावून सांगितलं. घाटाचा विषय पुन्हा आमच्या ग्रामसभेत येणार होता. आमच्या गावात घाटाला विरोध हात वर करून मोजत नाहीत. एकदा ठेकेदाराच्या माणसांनी वर गेलेले हात पिरगाळून खाली ओढले होते. तेव्हापासून रीत पडली आहे की विरोध करणाऱ्यानं उभं राहायचं आणि मोजणी संपेपर्यंत बसायचं नाही. बसला त्याचा विरोध गेला. मी सगळ्या गावाला उभं राहा म्हणून सांगत फिरले होते, आणि मलाच शेजारणीचा खांदा धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं.

“मग आधी नीट झोपायला शिका,” बाई म्हणाल्या. गोळ्या दिल्या, थोड्या दिवसांच्या. फिजिओथेरपी दिली, म्हणजे व्यायाम, रोजचे, कंटाळवाणे. आणि गादीबद्दल सांगितलं: मध्यम-कडक, कण्याची रेघ सरळ ठेवणारी.

बाहेर आले तर बाकावर देवाजी.

आमच्या बाजूच्या सगळ्यांना हाडांसाठी चंद्रपूरच गाठावं लागतं, आणि हाडांचा वार तोच. तो कमरेला पट्टा बांधून वाकडा बसला होता. एक ढुंगण बाकावर, एक हवेत.

“तू इथी काय करून राह्यला?”

“कंबर,” तो म्हणाला. माझ्याकडं बघेना.

“कोनं मारलं तुले?”

“कोनी नाई. फावड्यानंच. रेती फेकून फेकून.”

माझ्या डाव्या हातात काठी होती. मी त्याला त्याच काठीनं हाणलं, नेमकं पट्ट्यावर. परत हाणलं. रांगेतली माणसं उठली. त्यानं हात वर केला नाही, नुसता दात खाऊन म्हणाला, “मार. तेवढंच राह्यलं होतं.” तिसऱ्यांदा काठी उचलली आणि माझी कंबर सुसरीनं धरली. मी खाली. मला सावरायला तो वाकला आणि तोही खाली. दोघंही फरशीवर आडवे, तोंडाला तोंड, दोघंही ओरडतोय.

रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “या दोघायले एकाच खाटेवर टाका जी, आपला नंबर त लवकर येईन!”

अख्खा व्हरांडा हसला. मला त्या म्हातारीलाही मारायचं होतं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. “मारामारी करायची असेल तर आधी बरे व्हा,” त्या म्हणाल्या. “दोघंही.” आणि कुणालाही हात न लावू देता त्यांनी आम्हाला तिथंच उठायला शिकवलं. लॉग रोल म्हणतात त्याला. लाकडाचा ओंडका लोळवावा तसं खांदा आणि खुबा एकदम फिरवायचा, कंबर पिळायची नाही. गुडघे जवळ घ्यायचे, हाताच्या जोरावर उठायचं. पलंगावरून उठताना पाय आधी खाली सोडायचे. आम्ही दोन ओंडके एकमेकांसमोर लोळत उठलो.

उठल्यावर तो म्हणाला, “मालक म्हणे, आज दांडा नाई चालवला त उद्या फावडं घेऊन येऊ नको.”

“म्हणून मारलं?”

“म्हणून मारलं.”

“हे मी पोलिसात सांगीन.”

“सांग.”

सांगितलं. तक्रार आजही उभी आहे.

त्याच आठवड्यात बाबाला घेऊन मी चंद्रपूरच्या बाजारात गेले. पहिल्या मोठ्या दुकानात थंडगार हवेत गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. प्रत्येकीवर शब्द: ऑर्थोपेडिक. मी स्वतः पत्रकं छापते, तरी छापलेल्या शब्दाला भुलले. एकीवर पडले तर फरशीच, वरून फुलाफुलांचं कापड. दुसरीवर पडले तर गुडघ्यापर्यंत चिखल. विक्रेता म्हणाला, “मॅडम, वापरता वापरता सवय होते.” मी म्हटलं, “मार खायचीबी सवय होते म्हणतात.” पुढं डॉक्टरबाईंनी सांगितलं, तो शब्द कुणीही छापू शकतो. तुम्ही पडून बघा. दुकानात लाज वाटते म्हणून नुसतं हातानं दाबून बघू नका. ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, चांगलं निवांत, दुकानदार घड्याळ बघायला लागेपर्यंत.

शेवटी गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत एका गादीवाल्या चाचांकडं पोहोचलो. त्यांचं मत पक्कं होतं. “कंबर का मामला है ना बेटी, एकदम दगडावानी भरून देतो. हत्ती झोपला तरी दबणार नाय!”

“दगड नको चाचा. दगडावर झोपूनच इथपर्यंत आले.”

“सब लोग तो वहीच मांगते.”

“सगळे चुकते.”

चाचा रागावले. बापजाद्यांपासून गाद्या भरतो म्हणाले. मीही आवाज चढवला. बाबानं दोघांना गप्प केलं. चाचांनी अर्धी भरलेली गादी दुकानाच्या तख्तावर टाकली आणि मी भर रस्त्याच्या तोंडाशी, लोकांकडं पाठ करून, कुशीवर आडवी झाले. बाबानं खिशातून जाळ्याची दोरी काढली. एक टोक माझ्या मानेच्या हाडाशी धरलं, दुसरं माकडहाडाशी, आणि ताणली. कणा दोरीला लागून जातो का ते बघायचं. कंबर दोरी सोडून खाली गेली की बाबा ओरडायचा, “भरा!” वर आली की “काढा!” चाचा कापूस घालायचे, काढायचे आणि शिव्या द्यायचे. टपरीवरच्या पोरांनी विचारलं, “काका, बाईचं माप घेऊन राह्यले का गादीचं?” बाबा म्हणाला, “तुह्या बापाले घेऊन ये, त्याचंबी घेतो.”

उताणं पडल्यावर कमरेखाली हात घालून बघायचा. हात सहज आरपार गेला तर गादी कडक आहे. शिरलाच नाही तर मऊ. थोडा घासून गेला की ठीक. माझा घासून गेला. चाचांनी दाट टाके घालून कापूस बांधला आणि जाताना म्हणाले, “कोनी विचारलं तर माझं नाव नको सांगू. नरम बनवली म्हणतील.”

गादी घरी आणली. बाज नवारपट्टीनं पुन्हा आवळली होती. तिच्यावर गादी टाकली, मी पडले, आणि दोन दिवसांत गादी बाजेबरोबर खाली गेली. तोच झोळ, तेच गिळणं. चांगली गादी झोळाच्या बाजेवर टाकणं म्हणजे चांगलं बी खारपड जमिनीत टाकणं. फरशीवर टाकली तर ओल यायची, आणि तिथून उठताना मी पुन्हा भिंतीला लटकायचे. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, “खाली सपाट फळ्या हव्यात.”

बाबा हातोडा आणि सबल घेऊन निघाला. कुठं निघाला ते मला उशिरा कळलं.

मी काठी टेकत घाटावर पोहोचले तोवर त्यानं फलक सोडून बाजूला ठेवला होता आणि डोंग्याच्या तळाचे खिळे उपटत होता.

“हात लावू नको!” मी ओरडले. “पुरावा आहे तो!”

“फोटू काढले, पंचनामा झाला. अजून किती पुरावा पाह्यजे?”

“लोक बघतात येता-जाता!”

“लोक पाह्यते अन् जाते. तू रातभर कन्हतेस ते मी ऐकतो.”

आणखी एक गोष्ट होती, तो बोलला नाही पण मला ठाऊक होती. आमच्या मोहल्ल्यात फुटलेल्या डोंग्याचं लाकूड घरात आणत नाहीत. ते काठावरच जाळतात. मेलेलं जनावर आणि मेलेला डोंगा उंबरा ओलांडत नाही. सगळ्या मोहल्ल्यासमोर माझा बाप ती रीत मोडायला निघाला होता, आणि मी त्याला माझ्या फलकासाठी अडवत होते. त्या क्षणी हे काही सुचलं नाही. माझ्या पिशवीत दांड्याचा तो अर्धा तुकडा कायम असायचा. तो काढला आणि बापाला फेकून मारला.

त्याच्या नडगीवर बसला. कातडी फाटली. तुकडा उसळून पाण्यात पडला आणि धारेला लागून गेला.

बाबानं पायाकडं बघितलं, नदीकडं बघितलं. “आता पुरावा कोनं बुडवला?” तो म्हणाला.

मी काठी पाण्यात घालून बघितली, तुकडा लागला नाही.

“पुरावा तू हायेस,” तो म्हणाला आणि पुन्हा सबल लावली. “डोंगा मेला. तू उभी राह्यली त पुरावा. तू पडली त डोंगाबी गेला, जाळंबी गेलं, नदीबी गेली.” रक्त घोट्यापर्यंत आलं होतं, तो खिळे काढत राहिला. मी काठी टाकली आणि गुडघ्यांवर बसून निघालेले खिळे वेचले. एवढंच मला करता येत होतं.

तळाच्या फळ्या सपाट होत्या. त्यानं त्या रंधून बाजेच्या चौकटीवर बसवल्या, हवा खेळायला बोटभर फट ठेवून. वर चाचांची गादी. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, उताणं असले तर गुडघ्यांखाली. घरात डांबराचा आणि मासोळीचा वास भरला. मोहल्ल्यातल्या दोघी येऊन नाक मुरडून गेल्या, “मेलेला डोंगा घरात घेतला गा!” बाबा म्हणाला, “जित्ती पोरगी त्याच्यावर झोपली.”

एका रात्रीत बरी झाले असं मी लिहिणार नाही. तसं लिहिणाऱ्याला काठीनं मारावं. काही सकाळी सळई तशीच असायची. पण पहिल्यांदा असं झालं की मी उठले आणि मला आठवलं, मध्ये जाग आली नव्हती. झोपलेल्या माणसाचा राग वेगळा असतो. तो डोक्यात राहतो, स्नायूत शिरत नाही. व्यायाम केले, शिव्या देत केले, पण केले. अंगठा हळूहळू वर यायला लागला. ऑपरेशन टळलं. प्रत्येकाचं टळतं असं नाही, आणि ज्याला करावं लागतं तो हरला असंही नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. खाली सतरंज्या. फाटलेल्या डिस्कला जमिनीवर मांडी घालून बसण्याएवढा दुसरा मार नाही, म्हणून मी मागं गुडघ्यांवर बसले. ठेकेदाराची माणसं फाटकाशी मोटारसायकलींवर. देवाजी पुढं, घाटावरच्या मजुरांमध्ये. सरपंच म्हणाले, “ज्यायचा विरोध असन त्यायनं उभं राहावं.”

मी एक पाय पुढं टाकला, मांडीवर हात दाबला आणि उठले. कुणाचाही खांदा धरला नाही. माझ्याबरोबर बाबा उठला, ढिवर मोहल्ला उठला, मग बाया उठल्या, एकेक, पदर खोचत. ग्रामसेवक बोटानं मोजायला लागले.

तेवढ्यात मला देवाजीचं तोंड दिसलं. ते तोंड मी ओळखते. एक ढुंगण वर, हात मागं कमरेवर, दात आवळलेले. मी मनात म्हटलं, आता सुसरीनं धरलं याला. तो वळवळला, शेजाऱ्याच्या डोक्यावर हात दिला आणि उभा राहिला.

फाटकातून आवाज आला, “बस बे!”

“बसता येत नाई,” देवाजी म्हणाला.

हसले लोक. ग्रामसेवकाचं बोट त्याच्यावर येऊन थांबलं. “देवाजी, विरोधात धरू का?”

फाटकाशी एक मोटारसायकल सुरू झाली, कुणीतरी मुद्दाम अ‍ॅक्सिलरेटर पिळत होता. देवाजीनं तिकडं बघितलं. माझ्याकडं नाही बघितलं.

“उभाच आहो ना,” तो म्हणाला. “धरा.”

मोजणी संपेपर्यंत तो बसला नाही. कमरेसाठी उभा राहिला की नदीसाठी, हे मी त्याला विचारलेलं नाही. ठराव आमच्या बाजूनं झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं फावडं बंद झालं.

आता माझ्यासारख्यांना सांगते. पाठ दुखते म्हणून कुणी फरशीवर पाठवलं तर जाऊ नका. गादी घ्यायची ऐपत नसेल तर आहे त्या गोधड्यांच्या घड्या घाला, पण खाली सपाट ठेवा. आणि तुम्हाला ज्यानं मारलं त्याला सोडू नका, पण त्याला रोज रात्री अंथरुणातही घेऊ नका. मी डॉक्टरबाईंची ऋणी आहे, त्यांनी माझ्या रागाचं ऐकून न घेता माझ्या पाठीचं ऐकलं. भांडकुदळ चाचांची ऋणी आहे. बाबाचे आभार मानले तर तो मारेल. त्याच्या मनगटावर माझ्या दातांचे वण आहेत आणि नडगीवर दांड्याचा, माझी एवढी पावती त्याच्या अंगावर पुरे.

परवा देवाजी आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. बाबाला चाचांच्या दुकानाची गल्ली विचारली. बाबानं सांगितली. तो जाईना.

“खाली फळ्या लागते म्हणते ना,” तो म्हणाला. मग कमरेचा पट्टा सावरत, “डोंग्याच्या उरल्या का एखाद-दोन?”

ज्या डोंग्यावर त्याच्यासमोर सबली पडल्या, त्याच डोंग्याच्या फळ्या तो मागत होता. माझा हात काठीकडं गेला. बाबा माझ्याकडं बघत होता. दोन फळ्या खरंच उरल्या होत्या, घाटावर, डोंग्याच्या सांगाड्याला ठोकलेल्या.

“खिळे तुलेच उपटावं लागन,” मी म्हटलं. “अन् कमरेतून वाकू नको. गुडघ्यावर बस.”